सगळ्या रेपोंना एकच क्रमांक कशासाठी?

अनेक रेपोंत विभागलेले सॉफ्टवेअर रिलीज करताना प्रत्येक भागाला स्वतंत्र व्हर्जन क्रमांक द्यावा, की सगळ्यांवर एकच छापावा, हा वाद जुना आहे. एकाच क्रमांकाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे: ग्राहकाला दहा आकडे लक्षात राहत नाहीत, आकडे जुळले की भागही जुळतात, आणि रिलीज करणाऱ्याचे काम हलके होते. यातली तिसरी गोष्ट तेवढी खरी आहे, आणि पहिल्या दोन तिच्याच सोयीसाठी पुढे केल्या जातात.

दुसरा दावा सर्वांत घातक. क्रमांक हा वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो. सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमाने पहिला आकडा वाढला तर जुना कोड मोडू शकतो, मधला वाढला तर नवी सोय आली, शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती झाली. ज्या रेपोत एक ओळही बदललेली नाही तिच्यावर शेजारच्या रेपोपायी ४.०.० चा टॅग लावला, की तो शब्द खोटा पडतो. वापरणारा बदलांची यादी धुंडाळतो, चाचण्या पुन्हा चालवतो आणि हाती काही लागत नाही. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा खरोखर मोडणारा बदल तो न वाचताच स्वीकारतो. अँग्युलरचा दाखला एकाच क्रमांकाच्या बाजूने नेहमी दिला जातो. पण तिथे मार्च २०१७ मध्ये २ नंतर थेट ४ आला, कारण राउटर आधीच ३ वर पोचला होता आणि सगळी पॅकेजे एका आकड्यावर आणायची होती. मुख्य पॅकेजेस एकाच रेपोत असतानाही ही कसरत करावी लागली.

मराठी वापरणाऱ्याच्या हातातले उदाहरण याहून बोलके आहे. बीडजवळच्या पालीत मराठीत लावलेल्या अँड्रॉइड फोनवर तारीख देवनागरी अंकांत उमटते, तेव्हा तीन प्रकल्प मिळून काम करतात. युनिकोड अक्षरांना संकेत देते. मराठीचे डीफॉल्ट अंक देवनागरी ही नोंद सीएलडीआर या भाषाविषयक माहितीच्या संग्रहात असते (हिंदीसाठी तीच नोंद 0-9 अशा इंग्रजी अंकांची आहे). आयसीयू ही लायब्ररी त्या नोंदीवरून तारीख मांडते. सप्टेंबर २०२४ मध्ये युनिकोड १६ आले आणि पुढच्याच महिन्यात सीएलडीआर ४६ व आयसीयू ७६. तिन्ही आकडे वेगळे, तरी तिन्ही एकमेकांशी जुळलेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सीएलडीआर ४५ आणि आयसीयू ७५ आले, तेव्हा युनिकोड १५.१ वरच होते. एकाच क्रमांकाचा हट्ट असता तर अक्षरसंच न बदलताच युनिकोडलाही नवा आकडा घ्यावा लागला असता. मराठीतला ‘ॲ’ २००८ च्या ५.१ मध्ये आला, ५.१ किंवा पुढचे युनिकोड म्हटले की ‘ॲ’ आहेच, हे आज ठामपणे सांगता येते ते तो क्रमांक अक्षरसंचाशी बांधलेला आहे म्हणूनच.

एकाच क्रमांकाचा आग्रह धरणारी हीच मंडळी पूर्वी १.९ नंतर २.० च येतो असे सांगत असत. व्हर्जनमधला बिंदू दशांशचिन्ह नाही, १.९ नंतर १.१० येऊ शकतो, हे समजावण्यात कितीतरी बैठका खर्ची पडल्या. आयसीयूने तर २०१२ मध्ये ४.८ नंतर ४९ घेतला आणि त्या बिंदूचा प्रश्नच संपवला.

राहिला ग्राहकाच्या स्मरणशक्तीचा मुद्दा. आकडे लक्षात ठेवणे हे लॉक फाइलचे काम आहे, माणसाचे नव्हे. आणि सगळे एकाच रेपोत कोंबा, हा सल्ला म्हणजे प्रश्नाला बगल आहे.

करायचे ते एवढेच: प्रत्येक रेपोने आपला क्रमांक आपल्या बदलांनुसार वाढवावा, आणि एकत्र तपासलेल्या संचाची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवून तिला स्वतःचे नाव किंवा वर्ष-महिन्याचा क्रमांक द्यावा. ओपनस्टॅकने ‘किलो’ या रिलीजपर्यंत २०१५.१ असा सामाईक क्रमांक वापरला. ऑक्टोबर २०१५ च्या ‘लिबर्टी’ रिलीजपासून नोव्हा १२.०.०, ग्लान्स ११.०.०, कीस्टोन ८.०.० अशी भागाभागांची फारकत केली. ग्राहकासाठी ‘लिबर्टी’ हे एक नाव राहिले, आणि कोणता भाग कोणत्या कमिटवर होता याची नोंद रिलीजच्या स्वतंत्र रेपोत झाली.