माळावर काय ठेवलंय?

आमच्या युसूफ वडगावातून एकटा माणूस पंधरा दिवसांसाठी बाहेर पडत असेल, तर त्याला तीनच कारणं समाजमान्य आहेत: कोर्टाची तारीख, दवाखाना आणि सोयरीक. त्यातलंही तिसरं काही खरं एकट्याचं नव्हे, कारण मुलगी बघायला किमान एक जीपभर माणसं लागतात. ऊसतोडीला जाणारी मंडळी तर जोडीनंच मोजली जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. म्हणजे बीड जिल्ह्यात कष्टसुद्धा एकट्यानं करायची रीत नाही, मग मौज कुठली? तेव्हा कॅमेरा, पाण्याचा कॅन आणि दशम्यांचा डबा गाडीत टाकून एखादा इसम "माळावरची जनावरं बघायला चाललोय, राजस्थानपर्यंत, एकटाच" असं म्हणाला, की गाव त्याच्याकडे एका विशिष्ट नजरेनं बघतं. त्या नजरेला पुण्यात कुतूहल म्हणतात, आमच्याकडे कीव म्हणतात.

प्रश्नही ठरलेले. पहिला, "येकलेच?" दुसरा, "वाघ हाय का तिथं?" आणि नाही म्हटल्यावर तिसरा, जो प्रश्न नसून निकाल असतो: "मग माळावर काय ठिवलंय?"

पहिल्या दोन प्रश्नांना मी केव्हाच माफ केलं आहे. माझं भांडण तिसऱ्याशी आहे.

तरी एकटेपणाचा खुलासा करून टाकतो. जंगलात माणूस झाडाआड लपू शकतो. माळावर आड काहीच नसतं. तुम्हाला काळवीट दिसण्याआधी त्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं आणि तुमच्याविषयीचं त्याचं मत तयार झालेलं असतं. तिथं लपायची जागा एकच, ती म्हणजे स्वतःची गाडी. इंजिन बंद करून, काच खाली घेऊन, दोन-दोन तास गप्प बसावं, तेव्हा कुठे कळप चरत चरत जवळ येतो. आता मला सांगा, दोन मराठी माणसं एका गाडीत दोन तास गप्प बसलेली तुम्ही कधी पाहिली आहेत का? तिसरी असली तर चिवड्याची पिशवी निघते. त्या पिशवीच्या कुरकुरीनं अख्खा कळप पलीकडच्या शिवारात जातो, आणि मग "इथं काहीच नाही" असं म्हणायला मंडळी मोकळी.

काहीच नाही! आपल्या भाषेनं माळावर किती राग धरला आहे बघा. ओसाड, उजाड, भकास, बरड, पडीक: एवढ्या शिव्या तर आपण सख्ख्या चुलतभावालाही बांधावरून देत नाही. पोकळ मोठेपणा दाखवायचा तर 'ओसाड गावची पाटीलकी'. बरं, भाषेचं सोडा. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात काही नसलं की जमीन 'पडीक'. सरकारनं १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ काढलं, पुढं २००० साली उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला, आणि त्यात कितीतरी गवताळ माळ जाऊन बसले. उपग्रहाचा तरी काय दोष? तो बिचारा आकाशातून बघतो. त्याला कुसळीच्या गवतात बसलेली टिटवी दिसत नाही, आणि आपल्याला ती पायाखाली आली तरी दिसत नाही.

हा नुसता शब्दांचा वाद असता तर मी मसापच्या एखाद्या शाखेकडे निवेदन देऊन स्वस्थ बसलो असतो. पण एकदा जमीन 'पडीक' ठरली, की तिचा विकास करणं हे प्रत्येकाचं कर्तव्य होतं, आणि आपल्याकडे विकास म्हणजे खड्डा. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी. तेहतीस कोटी म्हटल्यावर देवांची आठवण होऊन हात जोडले जातात, मग कोण विचारणार की एवढी झाडं नेमकी कुठं लावायची? झाडाला माझा विरोध नाही. ज्या जिल्ह्यात जंगल नावालाच आहे, तिथं झाडाशी वैर धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. बांधावर लावा, ओढ्याच्या काठानं लावा, शाळेच्या आवारात लावा, ऑफिसासमोर साहेबांच्या हस्ते दरवर्षी त्याच खड्ड्यात लावा. पण गवताच्या माळावर ओळीनं गिरिपुष्प लावून त्याला निसर्गसेवा म्हणू नका. हे म्हणजे टक्कल दिसलं की जबरदस्तीनं टोप चढवण्यासारखं आहे. त्या माणसाला विचारा तरी, की बाबा, तुला केस हवे आहेत का?

माळाला नको आहेत. का नको, ते माळढोकाच्या गोष्टीत सापडतं.

माळढोक हा आपला पक्षी. नावातच माळ आहे. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढं वजन फार थोड्यांचं. घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर साधारण एकच अंडं घालतो. अंडं राखायचं तर मादीला चहूकडे दूरवर दिसलं पाहिजे. मध्ये झाडांच्या रांगा आल्या की तिची नजर अडते, आणि कावळ्या-शिकऱ्यांना वर बसून तिच्या अंड्यावर नजर ठेवायची सोय होते. १९७२ च्या दुष्काळी सालात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर हा पक्षी असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. ते थोडंथोडकं नव्हे, ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गावंच्या गावं, बाजारपेठा, उसाचे फड, सगळं त्या रेघेच्या आत. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करायचा तर आडवा यायचा कोण, तर ज्याला त्यानं जन्मात पाहिलं नाही असा एक पक्षी. मग त्या पक्ष्याविषयी लोकांना काय प्रेम वाटणार? पुढं कोर्टकचेऱ्या होऊन क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आलं. तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि आता नान्नजला माळढोक बघायला जाणं म्हणजे पाहुणा गेल्यावर सतरंजी बघायला जाण्यासारखं आहे.

म्हणून मग माझ्यासारख्याला राजस्थान गाठावं लागतं. युसूफ वडगावहून नान्नज, तिथून कर्जतजवळचं रेहेकुरी, मग गुजरातेत भावनगरजवळचं वेळावदर, कच्छचं छोटं रण आणि शेवटी जैसलमेर. हजारावर किलोमीटर एका बाजूचे, आणि सोबतीला टायरवाल्यांची मतं. या रस्त्यानं एकदा जाऊन बघा, म्हणजे माझा राग तुम्हाला समजेल. वेळावदरला काय आहे? गवत. आमच्या माळावर असतं तसंच वीतभर, हातभर गवत. भावनगरच्या संस्थानिकांनी शिकारीसाठी राखलेलं हे कुरण १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झालं, सगळं मिळून ३४ चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात संध्याकाळी मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी शेकड्यांनी त्या गवतात मुक्कामाला उतरतात, आणि ते बघायला परदेशातून माणसं येतात. छोट्या रणात तर गवताचीही चैन नाही, भेगाळलेली खारट जमीन. तिथं ४,९५४ चौरस किलोमीटर जागा रानगाढवांसाठी राखलेली आहे. गाढवांसाठी! आमच्याकडे गाढवाला उकिरड्यावर जागा मिळायची मारामार. जैसलमेरला ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरू राष्ट्रीय उद्यान. तिथल्या माळढोकाला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. सम इथल्या केंद्रात २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवतात, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं. तरी साऱ्या जगात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला असावा. समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि एवढं वजन घेऊन त्याला ऐनवेळी वळताही येत नाही.

तेच गवत, तेच ऊन, तीच धूळ. फरक एवढाच, की तिथं दारात पाटी आहे आणि आत जायला तिकीट आहे. आपल्या लोकांना तिकीट काढल्याशिवाय निसर्ग दिसत नाही. आमच्या शेजारचंच एक कुटुंब वाघ बघायला ताडोब्याला जाऊन आलं. एका वाघामागं वीस जिप्सी, धुळीत वाघ कुठला आणि साडू कुठला ते फोटोत कळत नाही. पण तो फोटो दिवाणखान्यात आहे. येताना यांच्याच गाडीपुढून खोकड आडवं गेलं, तर म्हणाले, "कुत्रं होतं."

आणि वाघाचं म्हणाल, तर त्यालाही आमच्या माळाचं वावडं नाही. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ सुमारे पाचशे किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात येऊन पोचला. एकटाच! त्याला कुणी "येकलेच?" विचारल्याचं ऐकिवात नाही. वाघ आला म्हणताच बार्शीपासून कळंबपर्यंत साऱ्यांना एकदम निसर्ग दिसू लागला. त्याला पकडायला पथक आलं, तेही महिनोन् महिने त्याच्या मागं हिंडलं. पण याच माळांवर लांडगा पिढ्यान् पिढ्या राहतो आहे, त्याचं कुणाला काही नाही. २०२२ च्या गणनेत देशातले वाघ सरासरी ३,६८२ धरले गेले. त्याच वर्षी अभ्यासकांनी लांडग्यांचा अंदाज मांडला तो ३,१०० च्या आसपास. म्हणजे लांडगा वाघाहून दुर्मिळ. कायद्यातही पहिल्याच परिशिष्टात. पण त्याच्या नावानं ना टपाल तिकिटांचा गाजावाजा, ना कुणाच्या दिवाणखान्यात फोटो.

नान्नजच्या अलीकडं एका मेंढपाळानं माझा कॅमेरा न्याहाळून विचारलं, "कशाची वाट बघताव?" म्हटलं, लांडग्याची. तो पोटभर हसला. म्हणाला, "देवा, आमी रात रात जागतो त्यो येऊ नये म्हून, आन् तुमी जागताव यावा म्हून!" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मात्र त्यानंच पुढं सांगितलं ते कुठल्याही पुस्तकाच्या तोडीचं होतं: "चराई ऱ्हायली तर मेंढरं ऱ्हातील, मेंढरं ऱ्हायली तर त्यो ऱ्हाईल. माळच गेला तर आमी दोघंबी रस्त्यावर." दोन-चार कोकरं लांडग्याला देऊन बसलेला माणूस हे बोलतो, आणि ज्याचं काहीच गेलेलं नाही तो विचारतो, माळावर काय ठेवलंय?

आपण एकदा या प्रश्नाची किंमत मोजलेली आहे. चित्ता हा माळावरचा धावपटू. १९५२ साली तो देशातून संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. सत्तर वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, तो नामिबियाहून विमानानं आणावा लागला, आणि विमानतळापासून कुनोपर्यंत त्याचा थाट जावयाला लाजवील असा होता. उद्या माळढोक कुठून आणणार? तो या उपखंडापलीकडं कुठंच नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. ८,४९६ चौरस किलोमीटरची रेघ पुन्हा कुणी ओढू नये. शेतकऱ्याच्या डोक्यावर बसवलेला पक्षी फार दिवस जगत नाही. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० पासून २.१७ चौरस किलोमीटरचं, म्हणजे साडेपाचशे एकरांच्या आतलं. तेवढ्यात काळविटं नांदताहेत. २०२४ साली पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिरसुफळच्या माळांवर गवताळ सफारी सुरू झाली आहे आणि गावच्या पोरांना त्यात वाटाड्याचं काम मिळतं. तसा एक माळ आमच्या बालाघाटावरही राहू द्यावा. त्यावर खड्डे खणू नयेत, मेंढरं आडवू नयेत, आणि सातबाऱ्यावर 'पडीक'च्या जागी नुसतं 'गवत' लिहावं. एवढं केलं तर परतीच्या वाटेवर मोज्यातून उपसावी लागणारी कुसळं मी आनंदानं उपसीन. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायची आपल्याला सवय आहेच; ते कुसळ उगवतं कुठं, एवढंच जरा जाऊन बघा. दशम्या मी देतो. चिवडा मात्र आणू नका.