खासबागेचा उतार आणि आपली माळरानं

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. छत, खुर्च्या, पडदे यांची राखरांगोळी सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. पण त्याच आगीत नाट्यगृहाला पाठ लावून उभे असलेले खासबाग मैदानाचे शाहूकालीन व्यासपीठही गेले, हे नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड-देगलूरकडच्या वाचकापर्यंत फारसे पोचले नाही. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्या मैदानाचीच आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले. रोममधले प्राचीन गोलाकार क्रीडागार पाहून आले आणि तसे काही कोल्हापुरात करायचे त्यांनी मनावर घेतले. १९१२ मध्ये खासबाग तयार झाले. मधोमध कुस्तीचा हौदा आणि भोवती सगळीकडून चढत गेलेली बैठक. तीस हजारांवर माणसे बसतात, आणि अगदी मागच्यालाही पुढच्याच्या फेट्याआडून डोकावावे लागत नाही. तीन वर्षांनी शेजारी पॅलेस थिएटर उभे राहिले. आजचे केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. खुद्द केशवरावांनी खासबागेत, उघड्यावर, ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केला आणि हजारोंच्या जमावाने तो ऐकला, असे कोल्हापूरकर अजून सांगतात. ध्वनिक्षेपकाच्या आधीचा तो काळ. गाणाऱ्याचा गळा होताच, पण जमिनीच्या चढानेही त्याला साथ दिली असणार.

कारण उघड्या रंगमंचाची सगळी विद्या त्या चढात आहे. सपाट मैदानावर पुढच्या रांगांची डोकी आणि अंगे आवाज शोषून घेतात. मागे पोचते ती नुसती गुणगुण. बैठक चढती असली की रंगमंचापासून प्रत्येक कानापर्यंत सरळ वाट मोकळी राहते, आणि डोळ्यालाही तीच वाट मिळते. भरतमुनींना याची जाण होती. नाट्यगृह फार मोठे केले तर शब्द अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही, असे बजावून त्यांनी ६४ हात लांब, ३२ हात रुंद हे मध्यम माप पसंत केले. इक्ष्वाकूंच्या काळात, तिसऱ्या-चौथ्या शतकात, कृष्णाकाठी नागार्जुनकोंड्याला चारी बाजूंनी पायऱ्यांचे प्रेक्षागार होते. म्हणजे ही कल्पना आपल्या दख्खनला परकी नाही.

शहराने स्वतःच्या मालकीचा असा रंगमंच कसा मिळवावा, याचे एक उदाहरण दूरचे आहे, पण आपल्याला चटकन कळेल असे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने १९२८ मध्ये गावाबाहेरची लाल खडकांची डोंगराळ जागा विकत घेतली. पुढे महामंदी आली, तरुण बेकार झाले. सरकारने त्यांच्यासाठी काढलेल्या योजनेतले मजूर १९३६ पासून तिथे राबले, आणि १९४१ मध्ये दोन प्रचंड कातळांच्या मधल्या उतारावर साडेनऊ हजार आसनांचे ‘रेड रॉक्स’ खुले झाले. आजही ते शहराच्याच मालकीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनीही खडी फोडली, माती वाहिली. त्यातून रस्ते आणि पाझर तलाव झाले. तेव्हा पाणी आणि रस्ता हीच पहिली गरज होती, यात वाद नाही. पण सार्वजनिक मजुरीतून गावाला गाण्याची जागाही मिळू शकते, हा विचार आपल्याकडे कधी रुजला नाही.

गाण्या-नाचण्याची हौस मात्र आपल्याकडे जुनी. मुखेडच्या चालुक्यकालीन महादेव मंदिरावरच्या मातृका नृत्य करताना कोरल्या आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जिल्हा परिषदेतर्फे लावणी महोत्सव होतो, होट्टलच्या मंदिरांपाशी महोत्सव भरतो. तालुक्याच्या गावी कीर्तन, कव्वाली, भीमगीतांचे जलसे, गणपतीतले ऑर्केस्ट्रे चालूच असतात. बहुतेक वेळी हे सारे भाड्याच्या मंडपात आणि सपाट जमिनीवर होते. पुढे पाहुण्यांचे सोफे, मागे बाया-पोरे टाचा उंचावून उभी. मंडप सुटला की खर्च झालेला पैसाही त्याच्याबरोबर ट्रकमध्ये जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमचे म्हणणे असे, की बालाघाटाच्या कुशीतल्या मुखेडसारख्या नगरपालिकेला खासबाग नव्याने खणावी लागणार नाही. उतार आपल्या माळावर आयता आहे. दगडी पायऱ्यांची बैठक, खाली फरसबंद चौथरा, मागे एक भिंत, कपडे बदलायच्या दोन खोल्या, बायकांसाठी स्वच्छतागृह, पाणी आणि वीज, एवढ्यावर भागते. खरी कसोटी जागा निवडताना लागते. मुंबईत धोबीतलावचे खुले रंगभवन १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रे’ने गाजले होते, पुढे भोवती रुग्णालये, कॉलेज आणि न्यायालय असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून त्याचा आवाज बंद झाला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा संस्थांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातले मोजके दिवस तेवढी बारापर्यंत सवलत देता येते. आपल्या गावांत शाळा, दवाखाना आणि कोर्ट नेमके मैदानाच्या कडेलाच असतात. म्हणून शहराच्या विकास आराखड्यात वस्तीपासून थोडी दूरची, पण पायी जाता येईल अशी जागा आजच आरक्षित करायला हवी.

दुसरी गोष्ट देखभालीची. उद्घाटनाची कोनशिला सगळ्यांना हवी असते. पावसाळ्यानंतर पायऱ्यांतले गवत काढणारा, वायरिंग तपासणारा माणूस अंदाजपत्रकात कुठे दिसत नाही. रंगमंचासाठी दरसालचे वेगळे लेखाशीर्ष, एक पगारी राखणदार आणि शाळा-मंडळांना परवडेल असे लेखी भाडेपत्रक, या तीन गोष्टी ठरावातच नमूद झाल्या पाहिजेत. त्या नसतील तर बांधकामाची निविदा काढू नये.