जुन्या मोटारीचा खर्च कोण सोसतो?

हिवाळा सुरू झाला की दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर एखाद्या रविवारी सकाळी जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. संस्थानिकांच्या तबेल्यातून निघालेली रोल्स-रॉइस, एखादी प्रचंड ब्यूक, लांब नाकाची जग्वार अशा गाड्या आरशासारख्या लखलखत जातात आणि दुतर्फा उभी असलेली माणसे कौतुकाने पाहत राहतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्यांखाली गाडीचे नाव, तिचे साल आणि मालकाचे नाव छापलेले असते. ती गाडी ज्याने पुन्हा चालती केली, त्याचे नाव मात्र सहसा कुठेच नसते. ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक आहे. तिच्या मुळाशी जो व्यवहार आहे, तो क्षुल्लक नाही.

ऐषारामी मोटारीचे अर्थशास्त्र मोठे चमत्कारिक असते. मोटारीची किंमत वर्षागणिक घसरते, पण तिच्या देखभालीचा खर्च मात्र घसरत नाही. उलट वाढतच जातो. रोल्स-रॉइसची 'सिल्व्हर शॅडो' ही गाडी १९६५ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. तिच्या ब्रेकसाठी आणि गाडी समतल ठेवण्यासाठी सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने द्रवदाबाची गुंतागुंतीची यंत्रणा बसवलेली होती. गाडी स्वस्तात मिळाली, तरी ही यंत्रणा ठरावीक काळाने उघडून नव्याने बांधावीच लागते. न बांधल्यास प्रश्न केवळ आरामाचा राहत नाही, ब्रेकचा होतो.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. मर्सिडीज-बेंझने १९९५ साली पिंपरीत आपल्या मोटारींची जुळणी सुरू केली आणि 'डब्ल्यू १२४' ही तिची पहिली भारतीय गाडी ठरली. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत या कंपनीच्या अनेक गाड्यांत इंजिनाच्या तारांवर जे आवरण होते, ते उष्णतेने कालांतराने ठिसूळ होऊन झडू लागते. मग एकेका तारेचा शोध घेण्यापेक्षा तारांचा सगळा जुडगाच बदलावा लागतो. तीस वर्षांची मोटार आज एखाद्या साध्या नव्या गाडीपेक्षा कमी किमतीत मिळते. पण तिचा सुटा भाग मागवायचा झाला, तर तो तीस वर्षांच्या जुन्या मोटारीच्या भावाने मिळत नाही. श्रीमंतीचा सोस म्हणून अशी गाडी कर्ज काढून घेणारा मध्यमवर्गीय तरुण येथेच फसतो. गाडीची किंमत त्याच्या आवाक्यात आलेली असते, गाडीची प्रतिष्ठा त्याला हवी असते. परंतु गाडीचा संसार त्याला झेपत नाही.

हा झाला मालकाचा खर्च, आणि त्याविषयी पुष्कळ बोलले जाते. आपण ज्याविषयी बोलत नाही तो खर्च वेगळाच आहे.

मध्य मुंबईतील एका गॅरेजात मी काही महिन्यांपूर्वी गेलो होतो. साठीच्या आसपासचे एक डेंटर एका जुन्या मोटारीचा सडलेला पत्रा कापून तेथे नवा पत्रा बसवत होते. या भागाचा तयार सांगाडा आज कोठेच मिळत नाही. त्यामुळे साध्या पत्र्याला हातोडीने ठोकून मूळची गोलाई आणावी लागते. मोजमापाला साधन काय, तर तळहात! डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्यांच्या हाताला लागत होता. मी विचारले, "उस्ताद, हे शिक्षण कुठे घेतलेत?" ते हातोडी न थांबवता म्हणाले, "मार खाऊन. बाराव्या वर्षी आलो, तेव्हा पाने पुसत होतो." प्रॉव्हिडंट फंड, विमा यांविषयी विचारले तेव्हा ते हसले. "कागदावर मी कुठेच नाही, साहेब."

जुनी मोटार 'पूर्ववत' करणे म्हणजे नेमके काय, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. गाडी नट-बोल्टपर्यंत सुटी केली जाते. गंजलेला पत्रा कापून वेल्डिंग होते, लांबी भरली जाते, ती घासली जाते, पुन्हा भरली जाते, पुन्हा घासली जाते, आणि मग रंगाचे थर चढतात. बंपर आणि जाळी क्रोमच्या मुलाम्याला जातात. लेथवर इंजिनाचे भाग नव्याने घडवले जातात. गादीचे काम करणारा चामडे शिवतो, सुतार लाकडी पट्ट्या बसवतो, वायरमन नकाशा नसताना तारा जोडतो. या कामाला महिने लागतात, क्वचित वर्षेही लागतात. खर्चाचा मोठा भाग हा अशा रीतीने माणसाच्या वेळेचा आणि कौशल्याचा असतो.

आणि माणसाच्या फुप्फुसांचाही असतो. आजच्या दोन घटकांच्या रंगांतील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दमा जडतो. क्रोमच्या मुलाम्यात वापरले जाणारे षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि सांध्यांत शिसे भरलेले असे. आज ते घासून काढणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून काम करतो. पुनरुज्जीवनाच्या बिलात सुट्या भागांची किंमत येते, रंगाची येते, वाहतुकीची येते. दम्याची किंमत येत नाही. ती कामगाराच्या घरी पोहोचती होते.

या श्रमाचे फळ कोणाच्या पदरी पडते? २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका जुन्या मोटारीच्या विक्रीवरील कराचा निकाल दिला. १९३१ सालची एक फोर्ड टूरर १९८३ मध्ये २० हजार रुपयांना घेतलेली होती आणि दहा वर्षांच्या आतच ती २१ लाखांना विकली गेली. ही खाजगी वापराची वस्तू असल्याने नफ्यावर कर नको, असा मालकाचा दावा होता. वस्तू खाजगी वापराला योग्य असणे पुरेसे नाही, तसा वापर झाल्याचे दिसले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. निकाल योग्यच आहे. वीस हजारांचे एकवीस लाख झाले आणि त्यातला सरकारचा वाटा किती, यावर तीन दशकांहून अधिक काळ वाद चालला. अशा जुन्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या हातांचा वाटा किती, हा वाद मात्र आपल्याकडे अद्याप सुरूच झालेला नाही.

राज्यसंस्था या प्रश्नात तटस्थ आहे, असेही नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून मान्यता दिली. त्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीला ५ हजार रुपये पडतात. नित्याच्या वापरास अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मिरवणुकीला व प्रदर्शनाला आणता येते. वारसा जपण्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच सरकारने वीस वर्षांहून जुन्या साध्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १० हजार रुपये केले. म्हणजे गरजेपोटी जुनी छोटी गाडी रेटणाऱ्या शिक्षकाने वा दुकानदाराने नूतनीकरणाला जे भरायचे, त्याच्या निम्म्यात संस्थानिकाच्या मोटारीची पुनर्नोंदणी व्हायची!

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीचे काय झाले, हेही आठवावे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीने काही दशके शहराची वाहतूक पेलली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस संपली आणि हे पर्व मिटले. दिवसभर धावणारी गाडी अधिक धूर सोडते. तेव्हा मर्यादा घालणे चूक होते, असे मी म्हणणार नाही. परंतु धनिकाची मोटार म्हातारी झाली की ती वारसा ठरते आणि श्रमिकाची मोटार म्हातारी झाली की ती भंगार ठरते, हा भेद केवळ धुराचा नाही. नव्या टॅक्सीचे कर्ज चालकाच्या डोक्यावर बसले. त्याच्या जुन्या गाडीला कोणी वेगळी पाटी दिली नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. हौशी धनिक नसते तर या कारागिरांना काम कोणी दिले असते? या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. हातोडीने पत्रा घडवण्याची विद्या आज टिकून आहे, ती बऱ्याच अंशी या हौसेमुळेच. पण पैठणी टिकली म्हणून विणकराच्या मजुरीचा प्रश्न सुटत नाही. हौस काम देते, हक्क देत नाही. हक्क संघटनेतून आणि कायद्यातून मिळतात.

आणि कायद्यात वाट आहे. भविष्य निर्वाह निधीला वीस आणि राज्य विम्याला दहा कामगारांची अट असल्याने चार-सहा माणसांचे गॅरेज दोन्हींतून सुटते. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार धोकादायक व्यवसाय सरकारने अधिसूचित केल्यास एकच कामगार असलेल्या आस्थापनेलाही राज्य विमा लागू करता येतो. नव्या संहितांवर आपले आक्षेप पुष्कळ आहेत. तरीही हे कलम वापरात आणण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. मोटारींचे रंगकाम आणि क्रोमचा मुलामा हे व्यवसाय या यादीत यावेत, ही आपली पहिली मागणी असावी. पाने पुसत शिकलेल्या उस्तादांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे आणि सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत त्यांना मानधनावर शिकवायला बोलवावे, ही दुसरी. 'व्हीए' पाटीच्या शुल्कातून या कारागिरांसाठी निधी उभारावा, ही तिसरी. जो वारशाचा मान मिरवतो, त्याने वारसा जपणाऱ्याच्या औषधपाण्याचा भार थोडा उचलावा, यात अन्याय कोणावरच नाही.

ही कामे निवेदनाने होणार नाहीत. आपल्या शहरांतील व तालुक्यांतील गॅरेजांत कार्यकर्त्यांनी जावे, तेथे किती माणसे काम करतात, त्यांत मुले किती आहेत, तोंडाला मुखवटा कोणाच्या आहे, याची साधी यादी करावी. संघटनेची सुरुवात अशा यादीपासूनच होते. पुढच्या हिवाळ्यात मिरवणूक पुन्हा निघेल आणि आपणही ती पाहायला जाऊ. सुंदर वस्तूचे वैर समाजवाद्याने कधी धरलेले नाही. फक्त त्या दिवशी त्या उस्तादांच्या खिशात विम्याचे कार्ड असावे.