‘घाशीराम’ उभा कोणी केला? एका वादात हरवलेल्या संस्थेचा इतिहास

१/ ‘घाशीराम कोतवाल’चा विषय निघाला की दोन फळ्या लगेच समोरासमोर येतात. एक म्हणते, नाना फडणवीसांची बदनामी झाली. दुसरी म्हणते, नाटक म्हणजे इतिहास नव्हे. पन्नास वर्षे हाच सामना चालू आहे. हे नाटक उभे कोणी केले, थांबवले कोणी आणि पुन्हा सुरू कोणी केले, हे मात्र दोन्हीकडून विचारले जात नाही. इतिहासप्रेमींनी विचारायला हवा तो नेमका हाच प्रश्न.

२/ आधी मूळ घटना. घाशीराम सावळदास हा उत्तर पेशवाईत पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबा यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे तेंडुलकरांपूर्वी शंभर वर्षे घाशीराम मराठी साहित्यात वावरत होता.

३/ १६ डिसेंबर १९७२. पुण्याचे भरत नाट्य मंदिर. विजय तेंडुलकरांच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए या संस्थेने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर.

४/ १९ प्रयोगांनंतर नाटक थांबले. ब्राह्मणद्वेषाचा आणि नानांच्या बदनामीचा आरोप झाला होता. प्रयोग थांबवण्याचा निर्णय मात्र संस्थेच्याच नेतृत्वाने घेतला. सरकारचा हुकूम नव्हता. बाहेरच्या विरोधाची चर्चा करताना हा घरातला विरोध सोयीस्करपणे विसरला जातो.

५/ येथे नाटक संपायला हवे होते. संहिता छापली गेली असती, चार समीक्षकांनी गौरवली असती आणि ग्रंथालयाच्या कपाटात राहिली असती. तसे झाले नाही, कारण कलावंतांचा मोठा गट बाहेर पडला. २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमी स्थापन झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आले. पुढे १९८० मध्ये, प्रखर विरोधाला तोंड देत, ते युरोपपर्यंत पोहोचले.

६/ ही माणसे कोण होती? जब्बार पटेल डॉक्टर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. नाटकावर कोणाची चूल पेटत नव्हती. म्हणूनच तिकिटखिडकीला यांच्यावर हुकूम चालवता आला नाही.

७/ हे अर्थकारण समजून घ्यायला हवे. व्यावसायिक नाटकाचा निर्माता नाट्यगृहाचे भाडे, नटांची नाइट, बस आणि जाहिरात यांचा हिशेब आधी मांडतो. पात्रे कमी, नाव मोठे, हे त्याचे स्वाभाविक धोरण. ‘घाशीराम’मध्ये मात्र ब्राह्मणांची आख्खी मानवी भिंत प्रयोगभर गाते, नाचते, क्षणात वाडा होते आणि क्षणात जमाव. तो ताफा रोजच्या मानधनावर कोण पोसणार? ज्या रूपबंधाचे एवढे कौतुक होते, तो या बिनफायद्याच्या रचनेमुळेच शक्य झाला.

८/ आणि संस्था एका नाटकावर थांबली नाही. १९७४ मध्येच तिने आळेकरांचे ‘महानिर्वाण’ केले. लेखक पंचविशीतला. नायक मेलेला कीर्तनकार, आणि त्याचा हट्ट असा की जुन्याच स्मशानात जाळा! १९७९ मध्ये ‘बेगम बर्वे’ आले: संगीत रंगभूमीवर किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा एक माणूस. ही कथानके सांगून कोणता निर्माता पैसे लावील?

९/ मुंबईतही हेच घडले. विजया मेहतांच्या पुढाकाराने १९६० मध्ये ‘रंगायन’ उभी राहिली. तिनेच १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आणले. १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांची ‘आविष्कार’ आली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिने जी चळवळ चालवली, तिला त्या शाळेचेच नाव पडले.

१०/ आक्षेप येईल: ‘सखाराम बाइंडर’ही १९७२ चेच, ते तर कमलाकर सारंगांनी व्यावसायिक रंगभूमीवर केले आणि बंदीविरुद्ध न्यायालयात झुंजून जिंकले. आक्षेप खरा आहे आणि सारंगांचे धाडस वादातीत आहे. पण तो एका माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेला धोका होता. असे धाडस पुढच्या लेखकाच्या वाट्याला येईलच, याची हमी कोण देणार? ती संस्थाच देऊ शकते.

११/ याचा सर्वांत ठळक पुरावा ‘घाशीराम’नंतरचा आहे आणि त्याविषयी क्वचितच बोलले जाते. आळेकरांच्या कल्पनेतून थिएटर अकॅडमीने नाटककारांच्या विकासाची आणि महाराष्ट्रातील प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या उभारणीची योजना राबवली. १९८५ ते १९९४ या काळात तिला फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते. नाटकवेडेपणाची फुशारकी मारणाऱ्या समाजात नवा लेखक घडवण्यासाठी पैसा परदेशी प्रतिष्ठानाकडून यावा, यावर वाद व्हायला हवा होता. वाद झाला तो नानांच्या बदनामीवर.

१२/ ‘नफा नाही’ म्हणजे आपोआप पुण्य, असे मात्र मुळीच नव्हे. पीडीएही नफ्यासाठी चालत नव्हती, तरी ती डगमगली. पैशाच्या दडपणातून सुटलेली संस्था प्रतिष्ठेच्या दडपणाखाली वाकू शकते. दोन्ही नाकारणारे लोक लागतात, आणि त्यांना तालमीसाठी रोज संध्याकाळी उघडी मिळणारी एक खोलीही लागते.

१३/ या साऱ्याला ‘हौशी रंगभूमी’ म्हणून बाजूला सारणे ही इतिहासलेखनाची चूक आहे. किल्ल्याच्या वेढ्याचा अभ्यास करणारा रसदीचा हिशेब पाहतो. रंगभूमीचा अभ्यास करणाऱ्याने लेखकाच्या नावावरच का थांबावे? सभांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या, खुणा केलेल्या तालमीच्या प्रती, प्रयोगांच्या पुस्तिका हीसुद्धा दफ्तरेच आहेत. मोडीतली नाहीत, एवढाच फरक.

१४/ ‘घाशीराम’वर पुढचा वाद पेटेल तेव्हा नाना खरे कसे होते हे जरूर विचारावे. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: आज एखाद्या पंचविशीतल्या मुलाने मेलेल्या कीर्तनकारावर नाटक लिहिले, तर ते घेऊन त्याने कोणाच्या दारात जायचे?