यंत्राचे शिक्षण आणि नोंदवही

महाराष्ट्राला पेनिसिलिन नवे नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ सालीच त्याचे उत्पादन सुरू झाले. हे औषध बुरशी तयार करते आणि बुरशी काही कारखान्याच्या भोंग्यावर चालत नाही. किण्वनाच्या टाकीतील तापमान, आम्लता आणि विरघळलेला प्राणवायू क्षणोक्षणी मोजता येतो. परंतु बुरशी किती वाढली, औषध किती उतरले, हे नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावर काही तासांनी कळते. दरम्यान साखर जास्त पडली, तर बुरशी फोफावते आणि पेनिसिलिन घटते. निर्णय तत्काळ हवा, माहिती मात्र उशिरा येते, अशी ही अडचण आहे.

येथे न्यूरल नेटवर्क उपयोगी पडते. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून बेतलेली ही गणनपद्धती टाकीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, दिलेली साखर इत्यादी मोजमापांवरून आतील स्थितीचा अंदाज ताबडतोब बांधते. त्या अंदाजानुसार साखरेचा पुरवठा कमी-अधिक करता येतो. हे नाते ती कोणत्याही सूत्रावरून नव्हे, तर मागील बॅचच्या नोंदींवरून शिकते.

तिचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. जे नोंदीत नाही, ते तिला ठाऊक नसते. तरीही अपरिचित परिस्थितीत ती गप्प न बसता एक आकडा देतेच. म्हणूनच सिकोजिओस आणि उंगार या संशोधकांनी १९९२ साली नेटवर्कला वस्तुमानाच्या समतोलाच्या समीकरणांची जोड देण्याचा मार्ग दाखविला. निसर्गनियमांचा हा लगाम आवश्यकच आहे.

परंतु लगामाने खोटी नोंद खरी होत नाही. बिघडलेल्या बॅचची पाने बाजूला सारली, वरिष्ठांच्या रोषाला भिऊन आकडे मागाहून जुळवले, तर नेटवर्क तेच असत्य निष्ठेने शिकेल. केवळ यशस्वी बॅचवर पोसलेल्या यंत्राला अपयशाची चाहूल लागणार कशी? यंत्रासाठी पैसा उभा करणाऱ्या व्यवस्थापनाने म्हणूनच आधी प्रामाणिक नोंदीला अभय द्यावे. रात्रपाळीतील कामगाराला चूक जशी घडली तशी लिहिता आली पाहिजे आणि यंत्राचा आकडा संशयास्पद वाटल्यास तो बाजूला ठेवण्याचा अधिकारही त्याच्याकडे असला पाहिजे. औषध अखेर रुग्णाच्या शरीरात जावयाचे असते. त्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही.