अमझेऱ्याची वाट

अक्षय्य तृतीया उलटली, चैत्रगौरीची हळदीकुंकवे आटोपली, आंब्याची डाळ नि पन्हे यांचा शेवटचा हप्ता झाला, की आपल्या मराठी घरांतून सुट्टीच्या बेतांना ऊत येतो. कोणी सिमला-मनालीची तिकिटे काढतो, कोणी महाबळेश्वर गाठतो, आणि ज्याला यांतले काहीच जमत नाही तो पुण्यास जातो. पुण्याच्या उन्हात इंदूरच्या उन्हाहून निराळे असे काय आहे, हे मला या वयातही उमगलेले नाही. आपल्याकडे निदान रात्री तरी गार वारा सुटतो. माळव्याच्या रात्रीची ख्याती दिल्ली-लखनौपर्यंत गेलेली आहे. पण सुट्टी लागली की दक्षिणेकडे तोंड करावयाचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तीबद्दल तक्रार करण्याचा माझा विचार नव्हता. तो नातवामुळे आला.

गेल्या साली तो पुण्याहून परतला तो जरा घुम्यासारखाच. तेथल्या भावंडांनी त्याच्या बोलण्याची थट्टा केली होती. 'तुझी मराठी हिंदीसारखी लागते' असे कोणीसे म्हणाले. दोन दिवसांनी त्याने मला सरळच विचारले, "आजोबा, आपण इकडे आलोच कशाला?" मी पवारांची, होळकरांची नावे घेतली, घोडदळ, मोहीम असे काहीबाही सांगितले, पण पोराने पुढे विचारले, "कुठे आलो? ती जागा कुठे आहे?" आणि मी गप्प बसलो. उत्तर मला ठाऊक होते; जागा मात्र मी जन्मात पाहिली नव्हती. धारहून अदमासे तीस किलोमीटर!

म्हणून त्याच वैशाखात आम्ही दोघे अमझेऱ्यास गेलो. पहाटे पाचला निघालो, धारेस पोहे खाल्ले, आणि ऊन चढण्यापूर्वी पोहोचलो.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास जे घडले ते थोडक्यात असे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत बाजीरावांनी पालखेडला निजामास कोंडीत पकडले होते. त्यानंतर ते स्वतः बुंदेलखंडाच्या रोखाने गेले आणि धाकटे बंधू चिमाजी आप्पा, वय जेमतेम विशीच्या घरात, नर्मदा उतरून माळव्यात आले. बरोबर उदाजी पवार व मल्हारराव होळकर. मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर नि त्याचा भाऊ दया बहादूर यांची फौज अमझेऱ्याजवळ होती. एकाच दिवसात ती मोडली आणि दोघेही भाऊ रणात पडले. आमच्या लहानपणी दया बहादूर मागाहून धारजवळच्या तिरल्यास पडला असे सांगत, सीतामऊचे डॉ. रघुवीरसिंह यांच्यासारख्या संशोधकांनी कागद तपासून तो घोळ मिटवला. चिमाजी आप्पा तेथून उज्जैनीवर गेले, पण ती त्यांना घेता आली नाही, हेही सांगितले पाहिजे. माळव्याची सनद बादशहाकडून हाती येण्यास १७४१ साल उजाडले. तथापि धार, देवास, इंदूर ही जी पुढे आपली घरे झाली, त्यांचा उंबरठा अमझेऱ्यास आहे.

आता तेथे पाहावयास काय आहे, असे कोणी विचारील. रणांगण म्हणून बोट दाखवील असा मनुष्य मला भेटला नाही. शेते आहेत, पळस आहेत, उतरत्या टेकड्या आहेत. पण एक नाव मात्र ज्याला विचारावे त्याच्या तोंडी होते, ते राजा बख्तावरसिंहाचे. अमझेऱ्याच्या या राठोड राजाने १८५७ च्या जुलैत बंड पुकारले, भोपावरच्या इंग्रज छावणीवर आपली माणसे पाठविली, आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंग्रजांनी त्याला इंदुरास फाशी दिले. आज जेथे महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे त्या आवारात. आपल्यापैकी कित्येक जण तेथे औषधाच्या रांगेत उभे राहिले असतील! त्याचे संस्थान इंग्रजांनी पुढे शिंद्यांना दिले. तेव्हा ज्या गावी आपला माळव्यातला प्रवेश झाला, त्याच गावचे राज्य सव्वाशे वर्षांनी एका मराठी दौलतीच्या पदरात असे पडले. हे नातवाला सांगताना मला अडखळावयास झाले. तो म्हणाला, "म्हणजे ते हरले आणि आपल्याला मिळालं?" मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार?

गावाजवळ अमका-झमका देवीचे स्थान आहे. अमझेरा हेच पूर्वीचे कुंदनपूर, रुक्मिणी येथेच देवीच्या पूजेस आली आणि येथूनच श्रीकृष्णाने तिचे हरण केले, अशी तेथील श्रद्धा. वऱ्हाडातल्या मंडळींना हे मुळीच रुचणार नाही. वर्धेच्या काठचे त्यांचे कौंडिण्यपूर तोच मान सांगते आणि तेथून पंढरीस पालखीही जाते. या वादात मी पडत नाही. पण ज्या रखुमाईला आपण आई म्हणतो, तिचे माहेर आपणही आपल्या मुलखात सांगतो, ही गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या बायकांना सांगून पाहा. गाडी कधी काढता असे त्याच विचारतील.

अमझेऱ्याला जोडून पाहण्याजोगे पुष्कळ आहे. धारचा किल्ला, जेथे १७७५ साली शेवटचे बाजीराव जन्मले. मांडवगड तर आहेच. लोक तो पावसाळ्यासाठी राखून ठेवतात, पण उन्हाळ्यातल्या सकाळी खुरासानी चिंचेच्या जाड खोडाशी बसून जहाज महाल पाहावा, गर्दी नसते. बाघच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करावयास १९२१ साली नंदलाल बोस आले होते. गावात खत्री मंडळी ठशांनी लाल-काळे कापड छापतात, तेही पाहावे आणि घ्यावे. देवासच्या टेकडीवर चैत्र नि आश्विन नवरात्रात थोरल्या व धाकट्या मातेची रीघ लागते. त्याच देवासची गोकुळाष्टमी १९२१ साली फॉर्स्टरसाहेबाने पाहिली, आणि १९५३ च्या आपल्या पुस्तकात तिचे सविस्तर वर्णन छापले. तो सातासमुद्रांपलीकडून आला. आपल्याला इंदुराहून तासाभराची वाट जड जाते.

भगोरियाविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहितो. होळीपूर्वीच्या आठवड्यात धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागांत हे बाजार भरतात. वालपूरच्या बाजाराचे नाव मोठे आहे. मांदळ, थाळी, बासरी यांचा नाद दुरून कानी येतो. हा पळवून नेऊन लग्ने करण्याचा मेळा, असे जे चवीने सांगितले जाते, ते भिल्ल-भिलाल्यांना मुळीच आवडत नाही, आणि ते खरेही नाही. होळीच्या सामानाचा हा बाजार. दूर-दूर पाड्यांवरची माणसे वर्षाकाठी भेटतात, नाचतात, घरी जातात. आपण गेलो तर गूळ-चणे घ्यावेत, मांदळ ऐकावा, आणि पोरीबाळींच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. आपल्या घरच्या मंगळागौरीत कोणी परका असा घुसला तर आपण त्याला पाणी तरी विचारू काय?

आता मुद्द्याचे. २०२८ साली अमझेऱ्याच्या लढाईस तीनशे वर्षे पुरी होतात. आपल्या सभा, मंडळे, समाज गणेशोत्सवाच्या मांडवावर जो खर्च करतात त्याच्या एका कोपऱ्यात अमझेऱ्यास एक साधा दगड उभा राहील. त्यावर चिमाजी आप्पांचे नाव असावे, उदाजी-मल्हाररावांचे असावे. तसेच आपला सुभा राखताना पडलेल्या गिरिधर बहादूर नि दया बहादूर यांचेही असावे. आणि गावकऱ्यांना विचारल्यावाचून तो बसवू नये, कारण त्या गावाला त्याचा स्वतःचा राजा आहे.

माझा नातू यंदा पुण्यास जाणार आहे. थट्टा करणाऱ्या भावंडांना तो नोव्हेंबरचे आमंत्रण देऊन येणार म्हणतो. त्याने पंचांग काढून पाहिले: २९ नोव्हेंबर २०२८ ला बुधवार येतो, शाळा चालू असेल. रजेचा अर्ज कोणाच्या नावाने लिहावयाचा, एवढेच काय ते आमचे अजून ठरावयाचे आहे.