फुलाच्या दांड्यावरचे पिल्लू

केळीच्या बुडाशी मुनवे फुटतात, पानफुटीच्या पानाच्या कडेला इवली रोपे येतात, हे आपल्या घरातल्या लहानग्यांनाही ठाऊक असते. पण जिथे फूल आणि मग बी यायचे, त्या दांड्यावरच रोप उगवावे, हे नवल वाटते. ते पाहायला फार लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडे बांधाबांधावर घायपाताच्या रांगा आहेत. घायपाताला आयुष्यात एकदाच उंच दांडा येतो. फुले गळाली की त्याच दांड्यावर पिल्ले लागतात, खाली पडतात आणि रुजतात. जुने झाड मात्र वाळून जाते.

हाच प्रकार कीटक खाणाऱ्या काही झाडांतही दिसतो. मुलांच्या हट्टापायी आता अनेक घरांत व्हीनस फ्लायट्रॅपची कुंडी येते. हे झाड मूळचे अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या दोन राज्यांतले. त्याच्या फुलाच्या दांड्यावर कधीकधी फुलाऐवजी पानांचा झुबका फुटतो. कळी होऊ शकणारा कोंब वाट बदलतो आणि रोप होतो. बागकामवाले याचाच फायदा घेतात. दांडा कोवळा, बोटभर उंच असतानाच तो कापतात आणि ओल्या मॉसमध्ये खोचून ओलसर, उजेडाच्या जागी ठेवतात. काही आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बुडाशी बारीक रोपे दिसू लागतात. दांडा कापण्यात तोटाही नाही, कारण फुलण्यात अशक्त झाडाची बरीच ताकद खर्च होते.

“अम्मी, याला खत घालू का?” असे मुलाने विचारले तर उत्तर एकच : नाही. ही झाडे निकस, ओल्या जमिनीतली. तिथे नत्र कमी, म्हणून तर ती कीटक धरतात. खताने आणि क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने त्यांची मुळे खराब होतात. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम.

आता आपल्याच डोंगरावर या. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे 25 किलोमीटरवर कास पठार आहे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत हेही आहे. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात नत्राचा दुष्काळ. म्हणून इथेही कीटकभक्षी झाडे आहेत. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब चिलटे धरून ठेवतात. निळसर-जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’चा सापळा तर ओल्या मातीत लपलेला असतो. इवल्या पिशवीचे दार पापणी लवायच्या आत उघडते आणि पाण्यातला सूक्ष्म जीव आत ओढला जातो.

पण इथे एक मोठा फरक आहे. कासची ही झाडे एका पावसाळ्याची सोबती. पाऊस सरला, खडक तापला की ती वाळून जातात. घायपातासारखी दांड्यावरची पिल्ले किंवा केळीसारखे मुनवे त्यांच्याकडे नाहीत. पुढच्या वर्षासाठी मागे उरते ते फक्त खडकाच्या फटीत पडलेले बी. आणि बी येते फुलातून.

म्हणून घरातल्या कुंडीत दांडा कापणे आणि पठारावर फूल तोडणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. कुंडीत कापलेल्या दांड्यातून नवे रोप मिळू शकते. पठारावर तोडलेल्या फुलाबरोबर पुढच्या वर्षीची रोपेही जातात. शिवाय दांड्यावरचे पिल्लू आईची हुबेहूब नक्कल असते. बियांत भेद असतात, आणि एखाद्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली तर त्या भेदांतूनच कुणीतरी तगते.

मुलांना कासला जरूर न्या. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. मळलेली वाट सोडू नका, फुलांत बसून फोटो काढू नका, दवबिंदूचे रोप उपटून घरी आणू नका. ते जगणार नाही, आणि त्याचे बीही जाईल. हौस असेल तर रोपवाटिकेतले रोप घ्या आणि त्याच्या दांड्यावर पिल्ले करून पाहा. वाढलेली शेजारपाजारी वाटा.